नानातला ‘न’ उडी मारतो

संगणकावर कोरियन बसवणं दोन मिनिटांचं काम. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये भाषा जोडायची, विंडोजची कळ आणि स्पेसबार एकत्र दाबून तिच्यावर यायचं. तरी पडद्यावर रोमन अक्षरंच उमटतात आणि नवशिका पुन्हा सेटिंग्ज धुंडाळत बसतो. गोम अशी, की कोरियन कळफलकाच्या पोटात आणखी एक इंग्रजी दडलेली असते. अदलाबदलीसाठी कोरियातल्या कळफलकांवर वेगळी कळ असते; आपल्याकडे ते काम उजवी ऑल्ट करते.

आता ‘नाना’ लिहू. व्यंजनं डाव्या हाताला, स्वर उजव्या (आपल्या इन्स्क्रिप्ट या देवनागरी कळफलकाच्या साधारण उलट). एस म्हणजे न, के म्हणजे आ. एस, के दाबलं की एका चौकोनात ‘ना’. पुन्हा एस दाबलं की हा न त्याच चौकोनात तळाशी जाऊन बसतो आणि ‘नान्’ होतं. शेवटी के दाबताच तळाशी बसलेला न उठतो, टुणकन पुढच्या चौकोनात जातो आणि ‘नाना’ पुरं होतं. कोरियन लोक या प्रकाराला ‘दोक्केबीचा विस्तव’ म्हणतात. दोक्केबी हे त्यांच्या लोककथांतलं भूत!

भुताटकी कसली, संगणकाची अडचण आहे. राजा सेजोंगने 1443 साली घडवलेल्या या लिपीत प्रत्येक अक्षर म्हणजे एक चौकोन: आधी व्यंजन, मग स्वर, वाटल्यास तळाला आणखी व्यंजन. सुरुवातीच्या आणि तळाच्या ‘न’ला कळ एकच. तेव्हा हा न कुठला, हे पुढची कळ पडेपर्यंत कळायला मार्गच नाही. संगणक अंदाज बांधतो आणि चुकला की आपलंच लिहिलेलं खोडतो.

खोडतो म्हणजे अक्षरशः. युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या यादीत, 19 आरंभीची व्यंजनं, 21 स्वर आणि तळाचे 28 पर्याय (रिकामा धरून) यांचा गुणाकार करून 11,172 तयार चौकोन ओळीने मांडले आहेत. ‘ना’चा क्रमांक 45208, ‘नान्’चा 45212. चौथी कळ पडली की 45212 जाऊन तिथे 45208 दोनदा येतो. मराठीत असं होत नाही. ‘क्ष’ दिसायला एक, पण साठवणीत क, हलन्त आणि ष असे तिघे वेगळेच राहतात; त्यांना जोडून दाखवतो तो फॉन्ट.

या उडीवर तोडगाही निघाला होता, तोही संगणक घरोघरी येण्याआधी. कोंग ब्योंग-ऊ हे डोळ्यांचे डॉक्टर. त्यांनी 1949 च्या सुमारास बनवलेल्या टंकयंत्रात आरंभीच्या आणि तळाच्या व्यंजनांना निरनिराळ्या कळा होत्या. त्यांच्या या तीन संचांच्या (आरंभीची व्यंजनं, स्वर, तळाची व्यंजनं) पद्धतीत न जागचा हलत नाही, पण कळा इतक्या लागतात की आकड्यांची रांगही अक्षरांना द्यावी लागते. सरकारी प्रमाण ठरली ती वर पाहिलेली, व्यंजनं आणि स्वर अशा दोन संचांची मांडणी, आणि बहुतेक कोरियन बोटं आजही तिच्यावरच चालतात. टाइप करताना न उड्या मारतो, हे त्यांच्या लक्षातही येत नसावं.