भूविज्ञान व ग्रहविज्ञानातील अध्यापक-संशोधक भरती (भारत)

भूविज्ञान, भूभौतिकी, वातावरणविज्ञान, सागरविज्ञान व ग्रहविज्ञान या विषयांच्या विद्यापीठीय विभागांत अध्यापक आणि संशोधन कर्मचारी नेमण्याची पद्धत. हे विभाग बहुधा लहान असतात. त्यामुळे एकेका नेमणुकीवर विषयाची अख्खी शाखा अवलंबून राहते. शिलाविज्ञानाचा एकमेव अध्यापक निवृत्त झाला आणि जागा रिकामी राहिली, तर खडकांचे पातळ छेद व ध्रुवण सूक्ष्मदर्शक असूनही ते शिकवणारा कोणी उरत नाही.

भारतातील पहिली नेमणूक कोणती मानावी याविषयी एकमत नाही. एच. बी. मेडलिकॉट हे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातून 1854 मध्ये रूडकीच्या टॉमसन महाविद्यालयात भूविज्ञानाचे प्राध्यापक म्हणून गेले आणि 1862 मध्ये सर्वेक्षणात परतले. काही अभ्यासक आरंभ येथून धरतात. तथापि रूडकीचे महाविद्यालय स्थापत्य अभियंते घडवण्यासाठी होते. तेथे भूविज्ञान पूरक विषय होता. विज्ञानशाखा म्हणून अध्यापन साधारणतः 1892 च्या सुमारास कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयात सुरू झाले असे मानतात. विद्यापीठीय पद या अर्थाने ही दुसरी तारीख अधिक ग्राह्य वाटते. दोन्ही ठिकाणी एक गोष्ट समान आहे: अध्यापक सर्वेक्षणातूनच आले. प्रेसिडेन्सीत प्रथम शिकवणारे टी. एच. हॉलंड सर्वेक्षणाचेच अधिकारी होते. सर्वेक्षणाच्या वरिष्ठ श्रेणीत 1880 मध्ये दाखल झालेले प्रमथनाथ बोस यांनीही तेथे अध्यापन केले. पुढे सेवाज्येष्ठता डावलून हॉलंड यांना संचालक केल्यावर बोस यांनी 1903 मध्ये राजीनामा दिला. उलट दिशेचा प्रवास दा. नौ. वाडिया यांचा. 1907 पासून ते जम्मूच्या प्रिन्स ऑफ वेल्स महाविद्यालयात शिकवत होते. 1921 मध्ये ते सर्वेक्षणात गेले. युरोपीय पदवी नसताना तेथे अधिकारी झालेले ते पहिले भारतीय, असे सांगितले जाते.

आजची पात्रता विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या विनियमांनुसार ठरते. सहायक प्राध्यापकासाठी पदव्युत्तर पदवीत 55 टक्के गुण आणि नेट (राष्ट्रीय) वा सेट (राज्य) ही पात्रता परीक्षा लागते. या परीक्षांतून सूट पीएच.डी. धारकांना ठरावीक अटींवर मिळते. विद्यापीठ विभागांत पीएच.डी. सक्तीची करण्याचा निर्णय आधी पुढे ढकलला गेला आणि 2023 मध्ये मागे घेण्यात आला. सहयोगी प्राध्यापकासाठी किमान 7 शोधनिबंध व 75 संशोधनगुण, तर प्राध्यापकासाठी 10 निबंध व 120 गुण हवेत. या तक्त्यात भूवैज्ञानिक नकाशासाठी स्वतंत्र रकाना नाही. तीन-चार हंगाम डोंगर तुडवून केलेले नकाशांकन निबंध छापून आल्याखेरीज गुणांत धरले जात नाही, ही क्षेत्रकार्य करणाऱ्यांवर अन्याय करणारी उणीव होय.

सर्वांत मोठा वाद बिंदुनामावलीचा, म्हणजे कोणती जागा कोणत्या प्रवर्गासाठी राखीव हे क्रमाने ठरवणाऱ्या यादीचा. आरक्षण मोजताना घटक म्हणून विद्यापीठ धरायचे की विभाग? अलाहाबाद उच्च न्यायालयाने 2017 मध्ये विभाग हा घटक मानला. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये त्याविरुद्धची अपिले फेटाळली. 13 बिंदूंच्या नामावलीत चौथी जागा इतर मागासवर्गीयांना, सातवी अनुसूचित जातींना जाते. अनुसूचित जमातींची पाळी या 13 बिंदूंनंतर, चौदाव्या जागी येते. समजा, विभागात एक प्राध्यापक, दोन सहयोगी आणि चार सहायक प्राध्यापक आहेत. संवर्गनिहाय मोजल्यास वरच्या दोन संवर्गांत एकही जागा राखीव होत नाही, खालच्या संवर्गात एकच होते. सेवानिवृत्तीनंतर नामावली पुढे सरकते, हा विभागनिहाय मोजणीच्या समर्थकांचा युक्तिवाद. पण तिशीत लागलेला अध्यापक साठीपर्यंत त्याच पदावर राहतो. तेव्हा अशा विभागात अनुसूचित जमातीच्या उमेदवाराची पाळी येण्यास काही पिढ्या जातील. लहान विभागांचा विचार करता विद्यापीठ हा घटक धरणेच सयुक्तिक ठरते. केंद्रीय शिक्षणसंस्थांसाठी संसदेने 2019 च्या कायद्याने तीच भूमिका घेतली. परिशिष्टातील काही संशोधनसंस्था मात्र त्यातून वगळल्या आहेत.

महाराष्ट्रात कार्यभार, पदमान्यता, बिंदुनामावलीची तपासणी, जाहिरात व निवड समिती असा क्रम असतो. मंजूर पद रिक्त असताना तास तासिका तत्त्वावरील अध्यापकांकडे जातात. क्षेत्रभेटीला मुलांना दऱ्याखोऱ्यांत नेण्याची जबाबदारीही अनेकदा त्यांच्यावर पडते. तासावर मोजलेल्या मानधनात ते काम नीट बसत नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा, नागपूरचे भूविज्ञान व खनिकर्म संचालनालय आणि केंद्रीय लोकसेवा आयोगाची भूवैज्ञानिक परीक्षा हे त्याच पदवीधरांचे दुसरे मार्ग.

संशोधन कर्मचारी बहुतेक प्रकल्पाच्या मुदतीपुरते असतात. कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती 2023 पासून दरमहा 37,000 रुपये आहे. प्रयोगशाळेतील तंत्रज्ञांच्या नेमणुका निराळ्या नियमांनी होतात.

ग्रहविज्ञानाची स्वतंत्र पदे विरळ आहेत. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या नेट परीक्षेत पृथ्वी, वातावरण, सागर व ग्रह ही विज्ञाने एकाच विषयात मोडतात. त्यामुळे ग्रहविज्ञानाचा अभ्यासक बहुधा भूविज्ञानाच्या जागेसाठीच अर्ज करतो. या विषयाचे संशोधन मुख्यतः अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत व अवकाश संशोधन संस्थेच्या केंद्रांत चालते.