रुग्णासाठीची मदत आणि संशोधनासाठीची देणगी

गणेशोत्सवाच्या आधी पावतीपुस्तक घेऊन दारात आलेला कार्यकर्ता ‘यंदा थोडी रक्कम कॅन्सरसाठी’ असे सांगतो, तेव्हा नाशिककर सहसा हात आखडता घेत नाहीत; मात्र ही रक्कम कॅन्सर झालेल्या एखाद्या माणसासाठी आहे की कॅन्सरवरच्या संशोधनासाठी, हे विचारायचे राहून जाते.

पहिल्या प्रकारची गरज सर्वांच्या ओळखीची आहे. सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसमध्ये मांडीवर रिपोर्टची जाड फाइल धरून परळच्या टाटा रुग्णालयात निघालेली माणसे आपण पाहतो. त्यांना पैसा आत्ता लागतो आणि तोही केवळ औषधांसाठी नव्हे. मुंबईतला मुक्काम, सोबत्याचे जेवण आणि बुडालेली रोजंदारी यांचा भार सरकारी योजनेत उपचार झाले तरी घरावरच पडतो. अशी मदत करताना रुग्णालयाचे खर्चाचे अंदाजपत्रक पाहावे आणि शक्य असेल तेथे रक्कम रुग्णाच्या फाइल क्रमांकासह थेट रुग्णालयात भरावी.

संशोधनाच्या देणगीला असा चेहरा नसतो, आणि माझ्या मते ती मागे पडते ती याच कारणामुळे. टाटा स्मारक केंद्राने 1998 पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील सुमारे दीड लाख महिलांचा अभ्यास करून गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची एक साधी तपासणी पारखली. व्हिनेगरमध्ये असते ते अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड सौम्य प्रमाणात गर्भाशयमुखाला लावायचे आणि पांढरा डाग उमटतो का ते पाहायचे, एवढीच ती तपासणी. ती डॉक्टरांनी नव्हे, तर प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी केली. 2013 मध्ये निष्कर्ष जाहीर झाले तेव्हा तपासणी झालेल्या गटात, ती न झालेल्या गटाच्या तुलनेत, या कॅन्सरने होणारे मृत्यू 31 टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले. एवढे कळायला पंधरा वर्षे लागली, आणि त्या दीड लाखांतली नेमकी कोण वाचली हे आजही कोणी बोट दाखवून सांगू शकणार नाही. म्हणून येथे देणगीदाराने ‘रुग्ण कसा आहे?’ असे विचारून उपयोग नाही; प्रकल्पाची छाननी कोणी केली, नैतिकता समितीची मान्यता आहे का आणि खर्चाचा अहवाल केव्हा मिळेल, हे विचारावे.

हा फरक सर्वांत जास्त बोचतो तो उरलेल्या रकमेच्या वेळी. आमच्या गंगापूर रोडच्या सोसायटीत एका शेजाऱ्यासाठी वर्गणी काढली होती. उपचार चालू असतानाच ते गेले आणि शिल्लक पैशांचे काय करायचे यावर सभेत वाद झाला. कोणी म्हणाले, ‘संशोधनाला देऊन टाका.’ हेतू चांगला होता, पण लोकांनी पैसे दिले होते ते त्या कुटुंबाकडे पाहून, आणि त्यांना न विचारता हेतू बदलणे योग्य नव्हते. अखेर रक्कम कुटुंबाकडेच गेली. शिलकीचे काय करणार हे पावतीवर आधीच छापले असते, तर त्या घराला दुःखात ही चर्चा ऐकावी लागली नसती.

कागदपत्रांतही अंतर आहे. व्यक्तीच्या खात्यात टाकलेल्या रकमेवर आयकरात वजावट मिळत नाही. मान्यताप्राप्त संस्थेला दिलेल्या देणगीवर ती नियमांनुसार मिळू शकते. शिवाय नोंदणी नसलेल्या मंडळाला लोकांकडून पैसे गोळा करायचे असतील, तर धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. एखाद्या मंडळाला दोन्ही कामे करायची असतील, तर त्याने दोन पावतीपुस्तके छापावीत आणि दोन पेट्या ठेवाव्यात.