कबालचं 'निक्स-स्टाइल' आणि खरं निक्स

हास्केल ही प्रोग्रामिंग भाषा शिकणारा इथं हमखास फसतो. कबाल म्हणजे हास्केलची पॅकेजं आणून प्रोग्राम बांधणारं साधन. त्याची माहिती वाचताना 'निक्स-स्टाइल बिल्ड' असं दिसतं. २०१९ च्या ३.० आवृत्तीपासून ती नेहमीचीच पद्धत झाली आहे. मग निक्स, म्हणजे कोणत्याही भाषेतली पॅकेजं बांधणारं ते मूळ साधन, वेगळं कशाला हवं?

इंदूरला रामबागेत बसून मी आणि माझा भाचा एका मराठी वाचनालयाच्या पुस्तकसूचीसाठी छोटा प्रोग्राम लिहीत होतो. मी 'कबाल फ्रीझ' चालवून तयार झालेली फाइल त्याला दिली. "मामा, आता दोघांकडे सगळं सारखं ना?" पोहे-जिलेबीची पुडी सोडायच्या आत त्याचं बिल्ड अडलं. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या सी लायब्ररीची हेडर फाइलच सापडेना.

सापडणार कशी? फ्रीझ फाइलीत हास्केल पॅकेजांच्या आवृत्त्या, त्यांचे फ्लॅग आणि हॅकेज या हास्केल पॅकेजांच्या भांडाराची सूची कोणत्या वेळची धरायची एवढंच असतं. जीएचसी, म्हणजे हास्केलचा कंपायलर, वेगळा निघाला तर त्याच्यासोबत येणारं 'बेस' पॅकेज जुळत नाही म्हणून कबाल कुरकुरेल, पण हवा तो जीएचसी आणून देणार नाही. सी लायब्रऱ्या तर ज्याच्या त्याच्या लिनक्सच्या भरवशावर. निक्सकडून कबालनं उचललं ते एवढंच: पॅकेज हॅशच्या, म्हणजे ते ज्यापासून बनलं त्यावरून काढलेल्या ठशाच्या, नावानं साठवायचं, म्हणजे दोन आवृत्त्या भांडत नाहीत.

खऱ्या निक्समध्ये, म्हणजे एल्को डोल्स्त्रांनी २००६ साली उट्रेख्टच्या प्रबंधात मांडलेल्या कल्पनेत, हा हॅश तळापर्यंत जातो: कंपायलर, लिबपीक्यू ही पोस्टग्रेसची लायब्ररी, अगदी ग्लिबसी ही लिनक्सची मूळ सी लायब्ररीसुद्धा. आम्ही निक्स-शेल, म्हणजे ही सगळी साधनं हाताशी देणारं टर्मिनल, लावलं आणि भाच्याचं बिल्ड झालं.

पण निक्स-बिल्डमध्ये, म्हणजे निक्स स्वतःच एका बंद खोलीत करतं त्या बिल्डमध्ये, चाचण्या कोसळल्या! पुस्तकांची देवनागरी नावं वाचताना 'इनव्हॅलिड बाइट सीक्वेन्स'. त्या बंद खोलीत नेटवर्क नसतं आणि बाहेरचे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलही नसतात; अक्षरं कोणत्या पद्धतीनं वाचायची ते सांगणारं 'लँग' नाही म्हणून जीएचसीनं फाइल आस्की, म्हणजे नुसती इंग्रजी अक्षरं, समजून वाचली. माझ्या टर्मिनलमध्ये देवनागरी सामावणारं यूटीएफ-८ आधीपासूनच होतं, त्यामुळे प्रोग्राम त्यावर टेकलेला आहे हे मला कधी कळलंच नव्हतं. साधं निक्स-शेल मात्र बाहेरचं वातावरण आत येऊ देतं, 'प्युअर' म्हटलं तरच झाडून टाकतं. म्हणून शेलमध्ये चाललं ते बिल्डमध्ये चालेलच असं नाही. शेवटी फाइल उघडतानाच यूटीएफ-८ ठरवून टाकलं.

नुसतं हास्केल असेल तर मी अजूनही कबालवरच भागवतो. सी लायब्ररी आली की बाहेर निक्स-शेल आणि आत तेच 'कबाल बिल्ड'. भाच्याची तक्रार आता वेगळीच आहे: "मामा, डिस्क भरली."