मेस्त्री म्हणाला, "तू आवळतोयस!"

कुर्ल्यातल्या एका गॅरेजात एक पोरगा जुन्या परदेशी गाडीच्या हबनटाशी झुंजत होता. (हबनट म्हणजे चाकाचा मधला भाग, हब, चाक फिरवणाऱ्या ड्राइव्हशाफ्टवर घट्ट धरून ठेवणारा नट.) पान्याला मीटरभर पाइप अडकवून तो त्याला लोंबकळला, तरी नट ढिम्म. मेस्त्री आला, चिंधीने शाफ्टचं टोक पुसलं, वाकून पाहिलं. "अरे, उलटी चुडी आहे. तू आवळतोयस!"

ड्राइव्हशाफ्टचा नट साधारण २०० न्यूटन-मीटरला आवळलेला असतो. म्हणजे मीटरभर पाइपच्या टोकाला २० किलो टांगावेत इतका जोर. पोरगा असेल ६० किलोचा. एवढ्या जोराने आटे सोलले, तर नटावर भागत नाही, शाफ्टही जातो.

उलटी चुडी म्हणजे उलटे आटे, डावीकडे फिरवलं की आवळणारे. ते ठेवतातच कशाला? घरी करून बघा. बांगडीत पेन्सिल घाला, आतल्या कडेला टेकवून ती घड्याळाच्या दिशेने गोल फिरवा. न घसरता फिरली तर पेन्सिल स्वतःभोवती उलट्या दिशेने लोळते. थोडीही फट असलेल्या जोडावर भार असा गोल फिरत राहिला, की नट किंवा बोल्ट तसाच लोळत सुटू लागतो. सायकलच्या डाव्या पेडलला उलटे आटे असतात ते यासाठीच. बेअरिंगचं घर्षण पाहाल तर ते सरळ आट्यांचं डावं पेडल आवळायलाच मदत करेल. पण या लोळण्यापुढे त्याचं काही चालत नाही. (टेबलफॅनच्या पात्यांची टोपीही उलटी असते, पण तिचं कारण वेगळं: पंखा सुरू होताना झटक्याने मागे राहणारी टोपी आपोआप आवळली जावी.)

आजच्या बहुतेक गाड्यांत दोन्हीकडचे हबनट सरळच असतात. चाकाचा जोर शाफ्टवरच्या खाचा पेलतात, नट इतका घट्ट असतो की लोळायला फट उरत नाही, वर त्याची कड ठोकून खाचेत दाबलेली असते. म्हणूनच हात नकळत डावीकडे वळतो.

ओळखायचं कसं? नटाबाहेर डोकावणारे आटे तारेच्या ब्रशने साफ करा आणि शाफ्ट उभा आहे असं समजून मान तिरकी करून पाहा. आटे उजवीकडे चढत असतील तर सरळ, डावीकडे चढत असतील तर उलटे. खात्री नसेल तर खिशातला साधा बोल्ट शाफ्टला समांतर धरा. दोन्हींचा उतार एकाच बाजूला दिसला तर सरळ, नाहीतर उलटे. मोबाइलवर फोटो काढायचा तर मागच्या कॅमेऱ्याने. सेल्फीत चित्र आरशासारखं उलटलं, तर सरळ आटेही उलटे दिसतात! काही उलट्या नटांच्या कोपऱ्यांवर खाच असते, नाहीतर 'एल' कोरलेला असतो. पण मुंबईच्या गंजक्या हवेत त्या खुणेवर विसंबू नये.

मेस्त्रीने दबलेली कड छन्नीने उचलली, पाइप दुसऱ्या बाजूला वळवला. नट सुटला. त्याच्या दोन आट्यांचा चुरा मात्र शाफ्टवरच चिकटून राहिला होता.