टोकियो डोमचं छत : हवेनं उचललेलं, दोरांनी बांधलेलं

टोकियो डोमचं छत हवेच्या दाबावर उभं आहे हे ऐकलं की हमखास विचारलं जातं, ‘मग भोक पडलं तर फुग्यासारखं फुटेल?’ नाही फुटणार. फुग्याचं रबर कित्येक पट ताणलेलं असतं, म्हणून टाचणी लागताच चीर पळत सुटते. इथे टेफ्लॉनचा लेप दिलेलं काचतंतूंचं कापड आहे आणि ते फारसं ताणलंच जात नाही. लहान भोकातून हवा गळेल, आत सतत हवा भरणारे पंखे ती भरून काढतील.

१९८८ साली सुरू झालेल्या या बंदिस्त स्टेडियममध्ये बेसबॉल चालतो, मोठ्या मैफली होतात, आणि मधे एकही खांब नाही. आतला दाब बाहेरच्यापेक्षा फक्त ०.३ टक्के जास्त, म्हणजे साधारण ३०० पास्कल. आठव्या मजल्यावरून लिफ्टनं खाली उतरताना दाब एवढाच बदलतो. पण ३०० पास्कल म्हणजे दर चौरस मीटरला सुमारे ३० किलो वजनाएवढा जोर. छताचं वजन, पोलादी दोर धरून, चौरस मीटरला १४ किलोच्या आसपास. उरलेला जोर छताला वर ढकलत राहतो. म्हणजे इमारत छत पेलत नाही, ते उडू नये म्हणून धरून ठेवते! दोरांचं जाळं हेच काम करतं. ताण = दाब × वक्रतेची त्रिज्या, म्हणून छत जितकं सपाट, तितकी ही त्रिज्या मोठी आणि दोरांवर ताण जास्त. तरीही छत सपाटच ठेवतात, कारण उंच घुमटाला वारा जास्त झोंबतो.

खरी अडचण दारांची. दोन चौरस मीटरच्या दारावर याच दाबानं ६० किलोचा रेटा येतो. दार उघडंच राहिलं तर हवा ताशी ८० किलोमीटरच्या आसपास वेगानं बाहेर धावते. म्हणून ये-जा फिरत्या दारांतून: त्यांची एक ना एक पाख नेहमी वाट अडवून असते.

या दाबामुळे बेसबॉलमध्ये होमरन (क्रिकेटच्या षटकारासारखा, मैदानाबाहेर जाणारा टोला) सहज बसतात, असाही एक समज आहे. दाब वाढला की हवा तेवढीच दाट होते, म्हणजे चेंडूला अडथळा किंचित वाढतोच. दाबाला त्याचं श्रेय देण्यात अर्थ नाही.

अशा छताचा शत्रू बर्फ. ताज्या बर्फाचं वजन घनमीटरला १०० किलो धरलं, तरी ४० सेंटिमीटरचा थर चौरस मीटरला ४० किलो भरतो. म्हणून कापडाच्या दोन थरांमधून गरम हवा सोडतात आणि आतला दाब वाढवतात. तेवढ्यानं भागलं नाही की छत एका जागी खचतं, खळगा पडतो, आजूबाजूचा बर्फ आणि वितळलेलं पाणी त्यातच घरंगळतं, खळगा आणखी खोल होतो. एकदा वक्रता उलटली की पंखे कितीही जोरात फिरवा, छत आपसूक सावरत नाही. १२ डिसेंबर २०१० रोजी पहाटे अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहरातल्या मेट्रोडोम स्टेडियमचं, हवेवरच उभं असलेलं छत असंच खचून फाटलं. वाऱ्यामुळे बर्फ काढणाऱ्यांना आधीच खाली उतरवलं होतं, म्हणून कुणाला इजा झाली नाही. त्याच जागी २०१६ साली उघडलेल्या स्टेडियमला पक्कं छत आहे, बर्फ घसरून पडेल असं तीव्र उताराचं.