एवढं महाग, तरी बे एरियाच का?

कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीभोवती पसरलेल्या बे एरियात, सनीव्हेल किंवा फ्रीमाँटला, मुलाकडे सहा महिने राहून आलेल्या जोडप्याला कोथरूडमधल्या बागेत हमखास दोन प्रश्न विचारले जातात. पहिला, "घर केवढ्याला घेतलं हो?" आणि आकडा ऐकला की दुसरा, "अहो, मग एवढे पैसे घालून तिथेच कशाला राहायचं?" प्रश्न रास्त आहे. किंमत दहा लाख डॉलरच्या बरीच वर, आणि हातात काय येतं, तर पन्नास-साठ वर्षांपूर्वीचं बैठं लाकडी घर. भिंतीवर टिचकी मारली तर पोकळ वाजते. फोटो टांगायचा तर आतला लाकडी दांडा कुठे आहे ते आधी शोधावं लागतं. टेक्सासमध्ये याच पैशात ऐसपैस बंगला येतो आणि वर पैसे उरतात.

नेहमीचं उत्तर हवेचं. किनाऱ्यालगत पॅसिफिकचा थंड प्रवाह वाहतो, त्यामुळे उन्हाळा सुसह्य आणि हिवाळ्यात बर्फ उपसायची कटकट नाही. पण नुसत्या हवेवर भाव एवढे चढत नाहीत. पुण्याच्या हवेसाठीही मुंबईचे गव्हर्नर पावसाळ्यात इथे मुक्काम हलवत आणि पुढे पेन्शनर मंडळी येऊन राहिली. जमिनीचे भाव पेटले ते कारखाने आणि नंतर हिंजवडीचं आयटी पार्क आल्यावर.

तसा बे एरिया जन्मापासूनच महाग. २४ जानेवारी १८४८ ला कॅलिफोर्नियात सोनं सापडलं आणि जेमतेम हजार वस्तीचं सॅन फ्रान्सिस्को दोन वर्षांत वीस-पंचवीस हजारांवर गेलं. अंडं डॉलर-डॉलरला विकलं गेलं. सोनं संपलं, बंदर राहिलं. दक्षिणेचं सांता क्लारा खोरं, म्हणजे आजची सिलिकॉन व्हॅली, मात्र त्यानंतरही शंभर वर्षं जर्दाळू आणि प्लमच्या बागांचं होतं.

खरी मेख १८७२ सालच्या एका कलमात आहे. नोकरी सोडून प्रतिस्पर्ध्याकडे जाणार नाही, असा करार कॅलिफोर्नियाच्या दिवाणी संहितेने निरर्थक ठरवला. गंमत म्हणजे त्याच वर्षी आपल्याकडे भारतीय करार कायदा आला आणि त्याच्या कलम २७ मध्येही जवळपास तेच आहे. दोन्हींचं मूळ एकच, न्यूयॉर्कसाठी डेव्हिड डडली फील्ड या वकिलांनी केलेला कायद्याचा मसुदा. हिंजवडीत 'प्रतिस्पर्ध्याकडे जाणार नाही' अशा कराराच्या धाकाने खुर्चीला चिकटून बसलेल्यांनी हे कलम एकदा वाचायला हरकत नाही.

या कलमाचं मोल कळायला पुढे ऐंशी-पंच्याऐंशी वर्षं गेली. ट्रान्झिस्टरच्या जनकांपैकी एक विल्यम शॉकली यांनी १९५६ मध्ये माउंटन व्ह्यूला प्रयोगशाळा काढली. तिथेच का? एक कारण असं सांगितलं जातं की त्यांची म्हातारी आई शेजारच्या पालो अल्टोत राहत होती. स्टॅनफर्ड विद्यापीठ आणि त्याचं औद्योगिक आवार जवळ होतं हे खरंच, पण आईचं कारण पुणेकरांना अधिक पटेल. शॉकली माणूस तऱ्हेवाईक. पुढच्याच वर्षी आठ जण एकदम सोडून गेले आणि त्यांनी फेअरचाइल्ड ही सेमीकंडक्टर कंपनी सुरू केली. त्यातल्याच दोघांनी १९६८ मध्ये इंटेल काढली. कोर्टाची पायरी चढावी लागली नाही की गाव सोडावं लागलं नाही. माणसं फुटत गेली, कंपन्या वाढत गेल्या, आणि सगळ्या अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरात.

आपली माणसं तिथे पोचली ती १९६५ च्या अमेरिकी कायद्याने वंशावर बेतलेला देशवार कोटा मोडल्यावर. पुण्याच्या सीओईपीसारख्या इंजिनिअरिंग कॉलेजांतून एमएसला गेलेले आधी, १९९० मध्ये एच-वन-बी हा नोकरीचा व्हिसा आल्यावर सॉफ्टवेअरवाले. २०२४ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळांची संघटना असलेल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन तिथल्याच सॅन होजेला भरलं, यात नवल नव्हतं.

पण या व्हिसाला एक काटा आहे. नोकरी गेली तर दुसरी शोधायला जास्तीत जास्त ६० दिवस. ग्रीन कार्डात कुठल्याही एका देशाला सात टक्क्यांची मर्यादा, त्यामुळे भारतीयांची रांग दहा वर्षांच्याही पुढे जाते. अशा माणसाला स्वस्त गावातला बंगला परवडतो, पण तिथली एकुलती एक कंपनी बसली की मुलांची शाळा आणि घर, सगळंच उचलावं लागतं. बे एरियात त्याच घरातून दुसऱ्या ऑफिसला जाता येतं. माझ्या मते घराच्या किमतीतला बराच हिस्सा या सोयीचा आहे.

उरलेला हिस्सा टंचाईचा. एकीकडे डोंगर, मध्ये खाडी, आणि किनारपट्टीवरच्या बांधकामावर १९७६ च्या कोस्टल अ‍ॅक्टचा पहारा. आतल्या खोऱ्यात अडवणूक नगरपालिकांची, कारण बहुतेक वस्त्यांत वर्षानुवर्षं एका प्लॉटवर एकाच कुटुंबाचं घर असा नियम होता. त्यात जून १९७८ मध्ये मतदारांनी प्रपोझिशन १३ हा करमर्यादेचा प्रस्ताव मंजूर केला. मालमत्ता कर साधारण खरेदी किमतीच्या एक टक्का, आणि करासाठी धरलेली किंमत वर्षाला फार तर दोन टक्क्यांनी वाढणार. घर विकलं की नव्या भावाने हिशेब सुरू. सदाशिव पेठेतल्या वाड्यात गोठलेल्या भाड्याचा भाडेकरू खोली सोडत नाही, तसे जुने मालक तिथे ठाण मांडून बसले. शेजारी नव्याने आलेला तसल्याच घरावर कितीतरी पट कर भरतो.

२०१६ नंतर राज्याने कायदे बदलून परसात दुसरं छोटं घर बांधणं सोपं केलं. आपल्याकडची मंडळी ते आई-वडिलांसाठी म्हणून बांधतात. आई-वडील मात्र पर्यटक व्हिसावर एका खेपेला साधारण सहा महिनेच राहू शकतात, म्हणून उरलेले महिने ते भाड्याने दिलं तर कर्जाचा हप्ता किती हलका होईल, हा हिशेब बांधकामाआधीच मांडून झालेला असतो.