तृतीयपंथी (मराठवाडा)

तृतीयपंथी : जन्मवेळी शरीरखुणांवरून ठरविलेले लिंग आणि स्वतःला जाणवणारी लिंगओळख यांचा मेळ नसलेल्या, तसेच परंपरेने स्त्री व पुरुष या दोहोंहून निराळ्या मानल्या गेलेल्या व्यक्तींसाठी मराठीत रूढ असलेली संज्ञा. तिच्या व्यवहारातील कक्षेत हिजडा समुदायातील व्यक्ती, देवीला वाहिलेले जोगते, स्त्रीवेष धारण करणारे आराधी आणि कोणत्याही परंपरेशी संबंध नसलेल्या पारलिंगी व्यक्ती या सर्वांचा समावेश होतो. जन्मतःच लैंगिक अवयवांत, संप्रेरकांत किंवा गुणसूत्रांत वेगळेपण असलेल्या आंतरलिंगी व्यक्ती हा वैद्यकदृष्ट्या स्वतंत्र गट आहे. त्याचप्रमाणे समलिंगी असणे हा लैंगिक कलाचा प्रश्न आहे, लिंगओळखीचा नव्हे. बोलीभाषेत या तिन्हींची सरमिसळ होते, आणि जुन्या कायद्यांनीही ती केली आहे. मराठवाड्याच्या संदर्भात या विषयाचा स्वतंत्र विचार करण्याचे मुख्य कारण हे की, हा प्रदेश १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे ब्रिटिश मुलखाविषयी सामान्यतः केली जाणारी विधाने येथे जशीच्या तशी लागू पडत नाहीत.

शब्दविचार : ‘हिजडा’ या शब्दाच्या व्युत्पत्तीविषयी एकमत नाही. अरबीतील ‘हिज्र’ (सोडून जाणे, वेगळे होणे) या धातूपासून तो आला आणि ‘आपले कुल सोडून गेलेला’ असा त्याचा मूळ अर्थ होता, हे मत लोकप्रिय आहे. समुदायातील अनेक जाणत्या व्यक्तीही ते सांगतात. दुसऱ्या मतानुसार फार्सीतील ‘हीझ’ (बायकी वळणाचा पुरुष) या शब्दाला हिंदुस्थानीतील ‘डा’ हा प्रत्यय लागून तो सिद्ध झाला. घर सोडून गुरूकडे जाण्याच्या प्रथेशी पहिले मत अर्थाने सुरेख जुळते, आणि नेमके त्यामुळेच ते मागाहून सुचलेले असावे असा संशय येतो. ध्वनी व अर्थ या दोन्ही अंगांनी दुसरे मत अधिक सरळ वाटते. ‘किन्नर’ हा शब्द संस्कृतात अश्वमुख असलेल्या देवगायकांसाठी येतो. तृतीयपंथी या अर्थाने त्याचा वापर अलीकडचा असून तो हिंदीतून मराठीत आला. संस्कृतातील षंढ, क्लीब, पंडक, नपुंसक या शब्दांचे अर्थ एकमेकांत मिसळलेले आहेत. नपुंसकत्व (संभोगाची असमर्थता) आणि लिंगओळख यांत त्या शब्दांनी भेद केलेला नाही, आणि हाच गोंधळ विसाव्या शतकातील कायद्याच्या भाषेत उतरला.

‘तृतीयपंथी’ हा शब्द या सर्वांहून सौम्य म्हणून स्वीकारला गेला. मात्र ‘पंथ’ म्हटले की दीक्षा घेऊन पत्करण्याची गोष्ट असा भास होतो, म्हणून ‘पारलिंगी’ ही संज्ञा काही जण अधिक योग्य मानतात. समुदायाच्या सांकेतिक बोलीत ‘पंती’ असा एक शब्द आहे. त्याचा अर्थ पुरुषी वळणाचा जोडीदार असा असून ‘तृतीयपंथी’ या शब्दातील ‘पंथी’शी त्याचा संबंध दिसत नाही. ‘छक्का’ व ‘बायल्या’ हे शब्द मराठवाड्यात सर्रास ऐकू येत असले तरी ते अवमानकारक आहेत.

जुन्या कल्पना : कामसूत्रात ‘तृतीया प्रकृति’ असा उल्लेख असून तिचे स्त्रीरूपिणी व पुरुषरूपिणी असे दोन प्रकार सांगितले आहेत. जैन विचारातील मांडणी मात्र अधिक सूक्ष्म आहे. तीत देहाची खूण आणि मनातील कामभावना यांना वेगवेगळे मानून स्त्रीवेद, पुंवेद व नपुंसकवेद असे तीन ‘वेद’ कल्पिले आहेत. देह एका प्रकारचा आणि भाव दुसऱ्या प्रकारचा असू शकतो ही शक्यता तीत उघडपणे मान्य केलेली आहे. वेरूळसारखे जैन लेणीकेंद्र ज्या प्रदेशात आहे, तेथील बौद्धिक परंपरेला ही मांडणी अपरिचित नसावी. तथापि त्यावरून प्रत्यक्ष समाजव्यवहार कसा होता याचा निष्कर्ष काढणे धाडसाचे ठरेल.

हैदराबाद संस्थानचा कायदा : ‘१८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने भारतभरातील हिजड्यांना गुन्हेगार ठरविले’ असे विधान अनेक ठिकाणी आढळते. त्या कायद्याचा दुसरा भाग हिजड्यांच्या नोंदणीविषयी होता हे खरे, पण आरंभी तो वायव्य प्रांत, अवध व पंजाब या प्रदेशांपुरता होता. हैदराबाद हे संस्थान असल्यामुळे ब्रिटिश विधिमंडळाचा कायदा तेथे आपोआप लागू होत नसे. मराठवाड्याच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो निजामाच्या राज्यातील, हिजड्यांविषयीचा १३२९ फसलीचा (फसली ही तेथील महसुली कालगणना) कायदा. त्याचे वर्ष बहुतेक ठिकाणी १९१९ असे दिले जाते. हैदराबादचे फसली वर्ष ऑक्टोबरच्या सुरुवातीला, आजूर महिन्याच्या पहिल्या दिवशी सुरू होई. म्हणून १३२९ फसली म्हणजे स्थूलमानाने ऑक्टोबर १९१९ ते ऑक्टोबर १९२० हा काळ होय, आणि ‘१९१९–२०’ असे लिहिणे अधिक सुरक्षित आहे. त्या वेळी सातवा निजाम मीर उस्मान अली खान (कारकीर्द १९११–४८) गादीवर होता.

या कायद्याची रचना १८७१ च्या ब्रिटिश कायद्याच्या दुसऱ्या भागाशी इतकी मिळतीजुळती आहे की, जवळजवळ अर्ध्या शतकानंतर तोच नमुना समोर ठेवून तो तयार केला गेला असे मानावयास हरकत नाही. स्वतःच्या कबुलीवरून किंवा वैद्यकीय तपासणीत नपुंसक दिसणारा पुरुष, अशी ‘हिजडा’ या शब्दाची व्याख्या त्यात केलेली होती. मुलांना पळविणे, त्यांचे लिंगच्छेदन करणे किंवा अनैसर्गिक कृत्ये करणे असा ज्यांच्यावर संशय असेल, अशा हैदराबाद शहरातील व सरकार ठरवील त्या अन्य ठिकाणच्या हिजड्यांची नोंदवही ठेवण्याची तरतूद होती. नोंद झालेली व्यक्ती रस्त्यावर किंवा सार्वजनिक ठिकाणी स्त्रीच्या पोशाखात वा दागिने घालून दिसली, अथवा तिने नाच-गाणे केले, तर तिला वॉरंटाशिवाय अटक करता येई आणि दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकत. सोळा वर्षांखालील मुलाला घरी ठेवणे हाही गुन्हा होता. संशय एका कृत्याचा आणि शिक्षा मात्र लुगडे नेसल्याची, हा या कायद्याचा गाभा होता. ज्यांचा चरितार्थच नाच-गाण्यावर व जोगव्यावर होता, त्यांची उपजीविका त्याने गुन्ह्याच्या कक्षेत आणली. नोंदवहीसाठी ‘अन्य ठिकाणे’ ठरविण्याचा अधिकार सरकारकडे असल्यामुळे मराठवाड्यातील सुभ्याची व जिल्ह्यांची गावे या कायद्याच्या आवाक्याबाहेर नव्हती.

१७ सप्टेंबर १९४८ नंतर संस्थान भारतात विलीन झाले आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला. राज्यपुनर्रचना कायद्याच्या कलम ११९ नुसार एखाद्या प्रदेशात आधीपासून लागू असलेले कायदे बदल होईपर्यंत तेथे चालू राहात. म्हणजे प्रदेशाचे राज्य बदलले तरी निजामकालीन कायदा त्याच दिवशी पुसला गेला, असे समजण्याचे कारण नाही. तेलंगणात तो ‘तेलंगणा क्षेत्र’ असा शिक्का घेऊन कायद्याच्या पुस्तकात टिकला. जुलै २०२३ मध्ये तेलंगणा उच्च न्यायालयाने तो समानतेच्या व जीविताच्या हक्कांशी विसंगत ठरवून रद्द केला. शंभर वर्षांहून अधिक काळ हा कायदा पुस्तकात राहिला, ही बाब खेदाने नोंदविली पाहिजे. कर्नाटकातील पोलीस कायद्यात २०११ साली हिजड्यांच्या नोंदवहीविषयी घातलेले कलम ३६-अ याच नमुन्याचे होते. पुढे त्यातील ‘हिजडा’ हा शब्द काढून त्या जागी ‘व्यक्ती’ असा शब्द घालण्यात आला.

देवीपरंपरा : तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका, अंबाजोगाईची योगेश्वरी व येरमाळ्याची येडेश्वरी या देवस्थानांमुळे मराठवाड्यातील तृतीयपंथी जीवनाला भक्तीचे एक स्वतंत्र अंग आहे. गळ्यात कवड्यांची माळ, हातात परडी व पेटता पोत घेऊन जोगवा मागणारे आराधी स्त्रिया व पुरुष दोन्ही असतात. पुरुष आराध्यांपैकी काही जण लुगडे नेसतात. तो वेष काहींच्या बाबतीत नवसापुरता असतो, तर काहींच्या बाबतीत जन्मभराचा. त्यामुळे स्त्रीवेषातील प्रत्येक आराध्याला तृतीयपंथी म्हणणे चूक, आणि हा सगळा केवळ विधीच आहे असे म्हणणेही तितकेच चूक. घरच्यांनी व गावाने एरवी न स्वीकारलेल्या व्यक्तीला ‘देवीने झाड धरले’ (देवीने आपल्या सेवेसाठी त्या देहाचा ताबा घेतला) असे म्हटल्यावर उंबऱ्यात जागा मिळते, हे या परंपरेचे सामाजिक महत्त्व आहे. जोगव्याला पैठणच्या एकनाथांनी (सु. १५३३–९९) भारुडात आध्यात्मिक रूप दिले, यावरून ही प्रथा सोळाव्या शतकात या भागात चांगली रुजलेली होती असे दिसते.

रेणुका ही कर्नाटकातील सौंदत्तीची यल्लम्माच, असे मानले जाते. मातेचा वध करण्यास नकार देणाऱ्या मुलांना जमदग्नीने शाप देऊन षंढ केले आणि जोगते हे त्यांचे वारस, अशी कथा यल्लम्माच्या भक्तांत प्रचलित आहे. महाभारताच्या वनपर्वात मात्र ते पुत्र शापामुळे पशुपक्ष्यांप्रमाणे जडबुद्धी झाले एवढेच येते. षंढत्वाचा तपशील लोककथेने आपल्या गरजेनुसार घातलेला असावा आणि तो तुलनेने उत्तरकालीन असावा, हे मत ग्राह्य वाटते.

समुदायरचना : हिजडा समुदाय गुरू-चेला नात्यावर उभा आहे. गुरूचा गुरू, गुरुभाऊ, चेल्याचा चेला अशी नात्यांची साखळी असते आणि प्रत्येक व्यक्ती एखाद्या घराण्यात गणली जाते. हैदराबादेत शहरवाला व लष्करवाला अशी दोन घराणी प्रसिद्ध आहेत. मुंबईकडे सात घराण्यांची गणना सांगतात, पण त्यांची नावे सर्वत्र सारखी नाहीत. लिंगच्छेदन केलेल्या व्यक्तीस ‘निर्वाण’ आणि न केलेल्या व्यक्तीस ‘अकवा’ म्हणतात. बाळंतघरी व लग्नघरी बधाई मागणे आणि बाजारात दुकानोदुकानी फिरून मागणे हे उपजीविकेचे जुने मार्ग होत.

लोकसंख्या : २०११ च्या जनगणनेत प्रथमच लिंगाच्या रकान्यात ‘इतर’ असा पर्याय देण्यात आला. त्यात देशात ४,८७,८०३ व महाराष्ट्रात ४०,८९१ व्यक्तींची नोंद झाली. देशाच्या आकड्यात सहा वर्षांपर्यंतची सुमारे ५५ हजार मुले आहेत. त्या वयात मूल स्वतः काही सांगत नाही, ते पालकांनी सांगितलेले असते. उलट घरात पुरुष म्हणून राहणाऱ्या प्रौढ व्यक्तीची नोंद बहुधा ‘पुरुष’ अशीच होते. म्हणून या आकड्याला समुदायाची संख्या न म्हणता घरोघरी मिळालेल्या उत्तरांची बेरीज म्हणणे योग्य.

आरोग्यविषयक संशोधन : जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीने (मे २०१९ मध्ये स्वीकृत, १ जानेवारी २०२२ पासून लागू) लिंगओळखीतील विसंगती मानसिक विकारांच्या प्रकरणातून काढून लैंगिक आरोग्याशी संबंधित स्थितींच्या प्रकरणात घातली. दहाव्या आवृत्तीत ती मानसिक विकारांतच होती. ती अजिबात वगळली नाही याचे कारण व्यावहारिक आहे. वर्गीकरणात नोंद असल्याशिवाय संप्रेरकोपचार व शस्त्रक्रिया यांना सरकारी रुग्णालयात किंवा विम्यात आधार मिळत नाही. भारतात २०२२ साली राष्ट्रीय वैद्यक आयोगाने लैंगिक कल वा लिंगओळख ‘बदलण्याचे’ तथाकथित उपचार हे व्यावसायिक गैरवर्तन ठरविले. मुलाला ‘सुधारण्यासाठी’ डॉक्टरकडे किंवा बाबाकडे नेणाऱ्या प्रत्येक घरापर्यंत हा निर्णय पोहोचणे अगत्याचे आहे.

एचआयव्हीविषयी २०१७ च्या राष्ट्रीय पाहणीत हिजडा व पारलिंगी व्यक्तींमध्ये संसर्गाचे प्रमाण ३.१४ टक्के आढळले. त्याच वर्षी देशातील प्रौढांमध्ये ते सुमारे ०.२२ टक्के होते. या तफावतीचे मूळ ओळखीत नाही. पोलिसांची भीती, कंडोमचा आग्रह धरता न येण्याइतकी आर्थिक लाचारी आणि दवाखान्यात होणारी अवहेलना ही त्याची कारणे आहेत. पुरुषांच्या रांगेत उभे राहावे की बायकांच्या, येथून ही अवहेलना सुरू होते. औषधोपचार नियमित घेऊन ज्यांच्या रक्तातील विषाणूंचे प्रमाण मोजता न येण्याइतके घटते, त्यांच्याकडून लैंगिक संबंधातून संसर्ग पसरत नाही, हे आता पक्के झाले आहे.

दुसरा प्रश्न संप्रेरकांचा आहे. डॉक्टरांचा खर्च परवडत नाही म्हणून औषधाच्या दुकानातून संततिनियमनाच्या गोळ्या आणून मोठ्या मात्रेत घेण्याचा प्रघात आहे. त्यांतील एथिनिल इस्ट्रॅडिऑल या कृत्रिम स्त्री-संप्रेरकामुळे रक्तवाहिन्यांत गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. धूम्रपान करणाऱ्यांत तो आणखी जास्त असतो. म्हणूनच तज्ज्ञांच्या देखरेखीखालील उपचारांत हे संप्रेरक आता वापरत नाहीत. त्याऐवजी शरीरातील संप्रेरकासारखेच असणारे इस्ट्रॅडिऑल देऊन रक्ततपासणीनुसार मात्रा ठरवितात. दाईकडून होणाऱ्या पारंपरिक लिंगच्छेदनात रक्तस्राव, जंतुदोष व पुढे मूत्रमार्ग आक्रसणे हे धोके असतात.

आधुनिक कायदा : सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या निकालात स्वतःची लिंगओळख स्वतः ठरविण्याचा हक्क मान्य केला. ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांमधील परस्परसंमतीचे समलिंगी संबंध तत्कालीन भारतीय दंडसंहितेच्या कलम ३७७ च्या कक्षेतून वगळले गेले. तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांच्या संरक्षणासाठी संसदेने केलेला २०१९ चा कायदा १० जानेवारी २०२० पासून अमलात आला. त्याच्या मूळ पाठात ओळखपत्रासाठी जिल्हादंडाधिकाऱ्याकडे अर्ज करण्याची तरतूद होती. लैंगिक अत्याचारासह सर्व अपराधांना सहा महिने ते दोन वर्षे एवढीच शिक्षा ठेवल्याबद्दल त्यावर टीका झाली, आणि ती रास्त आहे.

मराठवाड्यातून दिला गेलेला या विषयातील महत्त्वाचा निकाल मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाचा आहे (२ जानेवारी २०२१). जळगाव जिल्ह्यातील एका ग्रामपंचायत निवडणुकीत महिलांसाठी राखीव प्रभागातून तृतीयपंथी उमेदवाराने भरलेला अर्ज निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने फेटाळला होता. त्याविरुद्धच्या याचिकेवर खंडपीठाने २०१४ चा निकाल व २०१९ चा कायदा यांचा आधार घेऊन, स्वतःला स्त्री मानणाऱ्या या उमेदवारास त्या प्रभागातून उभे राहता येईल असा निर्णय दिला. यापुढे संधिसाधूपणाने पुरुष म्हणून ओळख बदलणार नाही, असे उमेदवाराचे निवेदनही न्यायालयाने नोंदवून घेतले. उमेदवार पुढे त्या निवडणुकीत विजयी झाली.